वारुळातला मळा: पावसाळी अळंबी येते कुठून?

आषाढ संपत आला की कोकणातल्या आणि गोव्यातल्या रस्त्यांच्या कडेला पानांत गुंडाळलेल्या अळंब्यांच्या जुड्या दिसू लागतात. लांब पांढरे देठ, मातीने माखलेली टोकं आणि वर मिटलेली करडी टोपी. गोव्यात हिला रोयण अळमी म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो आणि तरीही घेतो, कारण ही चव वर्षातून थोडेच दिवस मिळते. त्याच सुमारास पेपरात ठरलेली बातमीही येते: अभयारण्यात शिरून अळंबी काढू नका. वाचणारा गोंधळतो. रानात आपोआप उगवणारी बुरशी ती, चार दिवसांत कुजून जाणार. काढली तर कुणाचं काय गेलं? आणि एवढा भाव मिळतो, तर शेतकरी ती धिंगरी मशरूमसारखी शेडमध्ये पिकवत का नाहीत?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, वारुळाच्या पोटात. ही अळंबी आपोआप उगवत नाही. कुणीतरी तिची शेती करतं, आणि ही शेती माणसाच्या शेतीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

वारूळ मुंग्यांचं नाही

आपण सर्रास ‘मुंग्यांचं वारूळ’ म्हणतो. पण कोकणात आणि देशावर दिसणारी माणसाच्या छातीइतकी उंच, पन्हाळ्या पडल्यासारखी दिसणारी मातीची वारुळं वाळवीने बांधलेली असतात. विदर्भात हिलाच उदई म्हणतात. मुंग्या नंतर कधीतरी रिकाम्या भागात शिरतात. नागही शिरतो. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण या बाबतीत शब्दशः खरी आहे.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात, पण मुंगीशी तिचं नातं लांबचं. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशीच्या कुळातली. वाळवी झुरळाच्या कुळातली. जनुकांचा अभ्यास झाल्यावर 2007 साली शास्त्रज्ञांनी वाळवीचा वेगळा गणच मोडीत काढला आणि तिला झुरळांच्या गणात नेऊन बसवलं. आपल्या डोळ्यांनाही फरक कळतो. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. वाळवीला कंबरच नसते. शिवाय मुंग्यांमधला नर मिलनानंतर मरतो, तर वाळवीचा राजा राणीजवळ एका बंद खोलीत आयुष्यभर राहतो. राणीचं पोट अंड्यांनी फुगून बोटाएवढं होतं आणि ती रोज हजारो अंडी घालते.

सिंधुदुर्ग आणि गोव्यात सातेरीच्या देवळात गाभाऱ्यातल्या वारुळालाच देवी मानून पूजतात. मातीतून आपणहून वर येणारी, वाढत जाणारी वस्तू पाहून माणसाला तिथे जिवंतपणा जाणवला, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. आत खरोखरच लाखो जीव नांदत असतात.

बुरशी झाड नाही, भाजीही नाही

आता दुसरा भागीदार. मंडईत अळंबी भाजीच्या टोपलीत असते, म्हणून ती वनस्पती असल्याचा समज होतो. पण वनस्पती उन्हातून अन्न बनवते. बुरशीत हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिला आपल्यासारखंच दुसऱ्याचं तयार अन्न लागतं. ती प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. साखरेचा साठा ती वनस्पतीसारखा स्टार्चच्या रूपात करत नाही. आपल्या यकृतात असतो तसल्या ग्लायकोजेनच्या रूपात करते. तिच्या पेशींच्या भिंती ज्या कायटिनच्या असतात, त्याच कायटिनचं झुरळाचं आणि खेकड्याचं कवच असतं. सजीवांच्या वंशावळीत बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळ बसते. म्हणजे वारुळात भेटणारे हे दोघे तसे दूरचे भाऊबंदच.

आपण जिला अळंबी म्हणतो ते बुरशीचं फळ. आंबा म्हणजे आंब्याचं झाड नव्हे, तसंच हे. बुरशीचं खरं अंग म्हणजे केसाहून बारीक तंतूंचं जाळं. ते माती, लाकूड, पाचोळा यांत पसरलेलं असतं आणि वर्षभर दिसत नाही. पाठ्यपुस्तकात याला कवकजाल म्हणतात. मी पुढे नुसतं जाळं म्हणेन.

या जाळ्याला तोंड नाही आणि पोटही नाही. आपण आधी खातो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग खाते. ती पाचक रस अंगाबाहेर सोडते, समोरचं लाकूड विरघळवते आणि तयार झालेला रस शोषून घेते. याच एका खुबीमुळे वाळवीला तिची गरज पडली.

गाईचं पोट आत, वाळवीचं बाहेर

लाकूड, वाळलेलं गवत, पाचोळा, कोरडं शेण. जगात हे अन्न भरपूर आहे, पण पचवणं महाकठीण. त्यातल्या सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन नावाच्या पदार्थाचा गिलावा असतो. त्याला फोडणारे रस फार थोड्या सजीवांकडे आहेत आणि काही बुरशा त्यात सगळ्यांत तरबेज आहेत. शिवाय लाकडात प्रथिनं नसल्यात जमा. नुसत्या लाकडावर अंग धरणं म्हणजे नुसत्या चोथ्यावर जगणं.

गाय यावर तोड काढते ती पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने. वाळवीच्या जुन्या घराण्यांच्या आतड्यातही असे सूक्ष्मजीव असतात. पण सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका घराण्याने दुसरी वाट धरली. पचनाचं काम त्यांनी अंगाबाहेर काढलं आणि बुरशीच्या हवाली केलं. टांझानियात त्यांच्या बुरशीच्या मळ्याचे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत. पुढे हे घराणं आशियात आलं. आज त्याच्या तीनशेहून जास्त जाती आफ्रिकेत आणि आशियात आहेत. आपल्याकडची उंच वारुळं बांधणारी ओडोंटोटर्मिस ही त्यांतलीच. त्यांच्या बुरशीचं नाव टर्मिटोमायसिस, अर्थ सरळ: वाळवीची बुरशी. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची आहे, हे मनात धरून तीन कोटींचा आकडा पुन्हा वाचावा.

या मळ्याचं वर्णन युरोपीय विज्ञानात पहिल्यांदा गेलं तेही भारतातून. ट्रांकेबारच्या, म्हणजे आजच्या तामिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या मिशनशी जोडलेला वैद्य आणि निसर्गअभ्यासक योहान क्योनिग याने 1779 साली दक्षिण भारतातल्या वाळवीवर लिहिलं, तेव्हा वारुळातल्या बुरशीचीही नोंद केली.

मळ्यात काय चालतं

गावाकडे रस्ता रुंद करताना यंत्राने अर्धं कापलेलं एक वारूळ मी जवळून पाहिलं आहे. वरून दगडासारखा टणक गड, पण आत नारळाएवढ्या खोल्या, भिंती गुळगुळीत सारवल्यासारख्या. प्रत्येक खोलीत तपकिरी रंगाचा, जाळीदार, हलका गोळा. चांगल्या जाळी पडलेल्या अनारशाला चुरगळून गोल केलं तर दिसेल तसा. हातात घेतला तर ओलसर, आणि कडेने भुसभुशीत होऊन सुटणारा. आणि त्या जाळीत सगळीकडे पांढरे शुभ्र मणी. खसखशीपेक्षा मोठे, साबुदाण्यापेक्षा लहान. उघड्यावर आलेल्या कामकरी वाळव्या आधी पिल्लं उचलत होत्या आणि लगेच भेगा लिंपायला लागल्या होत्या.

तो गोळा म्हणजे मळा. पोळंही म्हणता येईल, पण मेणाचं नाही. तो वाळवीच्या विष्ठेचा बनलेला असतो. ऐकायला कसंतरी वाटलं तरी पद्धत अतिशय स्वच्छ आहे. बाहेरून आणलेला पाचोळा आणि लाकूड तरण्या कामकरी खातात. सोबत ते पांढरे मणीही खातात, ज्यांत बुरशीच्या बिया असतात. हे सगळं आतड्यातून झपाट्याने, जवळजवळ न पचता पुढे सरकतं आणि बिया मिसळलेला लगदा गोळ्याच्या वरच्या बाजूला नीट लावला जातो. दुधात विरजण घालतो तसंच हे. बिया सगळीकडे सारख्या पसरतात आणि काही दिवसांत लगद्यातून जाळं धावू लागतं.

पुढचे काही आठवडे बुरशी लिग्निन फोडत राहते. जाळ्यावर नवे मणी धरतात. त्यांत प्रथिनं भरपूर असतात आणि तरण्या कामकरी ते खातात. गोळ्याचा खालचा भाग तोवर जुना आणि मऊ होतो, आणि तो वयस्क कामकरी खातात. म्हणजे धान्याच्या कणगीसारखा व्यवहार: नवं वरून ओतायचं, जुनं खालून काढायचं. गोळा मात्र कधीच संपत नाही.

एका वारुळात बहुधा बुरशीचा एकच वाण असतो. ज्या वाणाचे मणी जास्त, त्याचीच बी पुढच्या लगद्यात जास्त मिसळते, आणि बाकीचे वाण आपोआप मागे पडतात. शेतकरी चांगलं कणीस बियाण्याला ठेवतो तसंच, फक्त इथे निवड करणारं कुणी नाही. खाण्यातूनच निवड होते.

तण आलं तर?

प्रत्येक मळ्यात तण असतंच. इथे ते झायलेरिया नावाच्या काळ्या बुरशीचं. वारूळ नांदतं असेतोवर ही बुरशी दिसतही नाही. पण मळ्याचा गोळा वाळवीपासून वेगळा करून ठेवला, तर थोड्याच दिवसांत झायलेरिया त्यावर पसरते. म्हणजे ती आत दबा धरून होतीच, वाळवीने दाबून ठेवली होती. कशी, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ओडोंटोटर्मिसवर झालेल्या प्रयोगांतून दिसलं. दोन्ही बुरशा समोर ठेवल्या, तर वाळवी वासावरून त्यांच्यातला फरक ओळखते आणि तणाच्या बुरशीला जास्त मातीखाली गाडून टाकते. कामकरी वाळवी आंधळी असते. अंधारात, नुसत्या वासावर निंदणी करणारा हा शेतकरी आहे.

खिडकी नसलेल्या घरात हवा कशी खेळते

लाखो किडे श्वास घेतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त श्वास बुरशी घेते. ओडोंटोटर्मिसच्या या पन्हाळीदार वारुळाला मात्र वर उघडं तोंड नसतं. मग आतला जीव गुदमरत कसा नाही?

हार्वर्ड विद्यापीठाच्या एका गटाने भारतातल्याच वारुळांत बारीक यंत्रं बसवून हे मोजलं, आणि 2015 साली निष्कर्ष छापले. बाहेरच्या पन्हाळ्यांसारख्या कडा पातळ असतात, मधला गाभा जाड. दिवसा कडा लवकर तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा आधी गार होतात आणि वारा उलटा फिरतो. या फिरण्यात आतली कोंदट हवा बाहेरच्या भिंतींपाशी येते. भिंतीच्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर झिरपतो आणि प्राणवायू आत येतो. आख्खं वारूळ दिवसातून एकदा श्वास घेतल्यासारखं चालतं. कुणी आराखडा काढलेला नाही. प्रत्येक कामकरी आपल्या जबड्यातली ओल्या मातीची गोळी योग्य जागी लावते, इतकंच.

म्हणून वारुळाचं नुसतं डोकं उडवलं तरी घाव वरवरचा नसतो. हवा खेळवणारी व्यवस्थाच मोडते.

अळंबी उगवते कशासाठी

वाळवीला अळंबीची गरज नाही, तिला मणी पुरतात. अळंबी ही बुरशीची स्वतःची गरज आहे, वंश पुढे नेण्याची.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो आणि सकाळी उंबऱ्यात पंखांचा सडा पडलेला असतो. ते वाळवीचे राजकुमार आणि राजकन्या. जोडी जमली की ते पंख गाळतात आणि जमिनीत शिरून नवा संसार मांडतात. पण बहुतेक जातींत त्यांच्यासोबत बुरशी नसते. नव्या घरात मळा नाही, बियाणं नाही. पहिली पिल्लं वाढून कामकरी होतात आणि अन्नासाठी बाहेर पडतात, तेव्हाच बियाणं मिळवावं लागतं.

आणि नेमक्या याच हंगामात जुन्या वारुळांच्या मळ्यांतून अळंबी वर येते. तिचा देठ खाली मुळासारखा निमुळता होत मातीतून थेट मळ्यापर्यंत पोचलेला असतो, कधी हातभर लांब. टोपी भाल्याच्या टोकासारखी असते, म्हणून ती कडक माती फोडू शकते. वर आली की टोपी छत्रीसारखी उघडते आणि तिच्या खालच्या पापुद्र्यांतून बीजाणू, म्हणजे बुरशीच्या धुळीसारख्या बिया, झडतात. त्या पाचोळ्यावर पडतात. नव्या घरच्या कामकरी तो पाचोळा उचलतात आणि नकळत बियाणं घरी नेतात. तिथून नवा मळा सुरू होतो.

या घराण्यातली सगळ्यांत मोठी अळंबी झांबियात सापडते. तिची टोपी जवळजवळ मीटरभर रुंद होते, माणसाच्या डोक्यावर खरोखरची छत्री होईल एवढी. आपल्याकडे याच घराण्यातली एक बारकी जात आहे, नखाएवढ्या टोप्यांची. ती वारुळाजवळ शेकड्यांनी एकदम उगवते, कुणीतरी मुरमुरे सांडल्यासारखी. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी गोव्यातल्या या सगळ्या अळंब्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

‘मग ही पिकवत का नाहीत?’

धिंगरी आणि बटण मशरूम मेलेल्या काडावर, कंपोस्टवर वाढतात. त्यांना शेतकरी लागत नाही. टर्मिटोमायसिसला वाळवी लागते: लगदा बारीक करायला, बी पेरायला, तण काढायला, ओल आणि ऊब राखायला. प्रयोगशाळेत तिचं जाळं बशीत वाढवता येतं. पण बाजारात विकण्याजोग्या अळंब्या पिकवणं आजवर जमलेलं नाही. तीन कोटी वर्षांत दोघे एकमेकांत इतके गुंतले आहेत, की वाळवीवाचून बुरशी नाही आणि बुरशीवाचून ही वाळवीही नाही.

‘वाळवी तर नुकसानच करते’

काही जाती करतात, हे खरं आहे. चौकट पोखरली गेलेल्या माणसाला वाळवीचं कौतुक सांगणं बरोबर नाही, आणि उसाच्या कांड्या, रोपं, झाडाची साल यांवर ओडोंटोटर्मिसही हल्ला करते. पण भारतात वाळवीच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या थोड्याच घराला किंवा पिकाला त्रास देतात. बाकीच्या रानातला पाचोळा, वाळलेली लाकडं, शेण यांचा निचरा करतात. त्यांच्या बिळांतून पावसाचं पाणी खोल मुरतं. खालची चिकणमाती त्या वर आणतात; म्हणूनच वारुळाची माती शेतात पसरायची जुनी रीत आहे. घराच्या पायाशी वाळवी आली तर उपाय करावाच लागेल. बांधावरच्या, देवराईतल्या, काजूच्या बागेच्या कडेच्या वारुळावर औषध ओतायचं कारण नाही.

‘एका अळंबीत एवढे बीजाणू, दोन खुडल्या तर काय झालं?’

दोन खुडल्या तर काहीच झालं नाही. मी स्वतः दर पावसाळ्यात खातो. अळंबी खुडल्याने मळा मरत नाही, आंबा काढल्याने झाड मरत नाही तसंच.

पण हिशोब पुढचा आहे. बीजाणू असंख्य असले तरी त्यातला एक नुसता पाचोळ्यावर पडून भागत नाही. तो नव्या वसाहतीच्या टप्प्यात पडायला हवा, त्याच हंगामात उचलला जायला हवा, आणि बहुधा जुळणाऱ्या दुसऱ्या बीजाणूशी त्याची गाठही पडायला हवी, तेव्हा कुठे मळा धरतो. एवढ्या अटी असल्या की संख्या मोठीच लागते. आणि बाजारात मागणी असते ती मिटलेल्या कळ्यांना. मिटलेल्या टोपीतून एकही बीजाणू झडलेला नसतो. एखाद्या रानातल्या सगळ्या कळ्या वर्षामागून वर्षं सकाळी सहाच्या आत उचलल्या, तर तिथल्या नव्या वाळवीला बियाणं मिळणार कुठून? जुनं वारूळ राजा-राणी आहेत तोवर अळंबी देत राहतं, म्हणून घट लगेच डोळ्यांवर येत नाही. त्यातून लांब देठाच्या लोभाने कुदळीने खणलं, तर मळ्याची खोलीच फुटते.

जाणती माणसं देठ जमिनीलगत कापतात आणि उमललेल्या छत्र्या तशाच ठेवतात. उमललेलीची चवही तशी कमीच असते.

‘किडे खातात, म्हणजे विषारी नसणार ना?’

ही समजूत जीव घेऊ शकते. अनेक विषारी अळंब्या गोगलगायी आणि अळ्या मजेत खातात, कारण त्यांचं शरीर वेगळं. चांदीचं नाणं काळं पडतं का ते पाहणं, लसूण घालून शिजवणं, या परीक्षाही निरुपयोगी आहेत. पावसाळ्यात हिरवळीवर, अंगणात उगवणारी एक मोठी पांढरी अळंबी दिसायला अगदी खाण्याजोगी, पण तिचे बीजाणू हिरवट असतात आणि ती खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. फोटो पाठवून ‘ही खाऊ का?’ विचारलं, तर कुणीही खात्रीने हो म्हणू नये. वारुळाशी जोडलेला लांब निमुळता देठ ही चांगली खूण आहे, पण ती ओळखायला डोळा लागतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या अळंबी काढणाऱ्या माणसांकडेच असतो. त्यांच्याकडूनच घ्यावी.

रस्त्यासाठी कापलेलं ते वारूळ मी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहायला गेलो. त्या बाजूला दर वर्षी अळंबी येते असं शेजारची काकी सांगायची. अळंबी नव्हती. मातीतून काळी, बोटांसारखी, टणक टोकं वर आली होती, वीतभर जागेत पंधरा-वीस. झायलेरिया. मळा ओस पडला होता आणि निंदायला कुणी उरलं नव्हतं.